मनकवड्याचा हिशेब

कौटुंबिक स्नेहसंमेलनात गाणी, नकला आणि बक्षीसवाटप झाले की बहुधा एखादा हौशी कलाकार पुढे येतो आणि म्हणतो, ‘‘मनात एक संख्या धरा, मी ती ओळखतो.’’ सभागृह क्षणभर शांत होते. रुमाल गायब करण्याच्या जादूपेक्षा या प्रयोगाची ओढ निराळी आहे. रुमाल जादूगाराचा असतो, मन मात्र आपले असते. ते परक्याने वाचावे याचे कुतूहल वाटते आणि थोडी धास्तीही वाटते. दुसऱ्याच्या मनातले जाणणाऱ्याला मराठीत ‘मनकवडा’ असा नेमका शब्द आहे. रंगमंचावरचा हा मनकवडा प्रत्यक्षात काय करतो, त्याचे प्रयोग आपल्या घरातील मुलामुलींना कसे शिकवता येतील आणि त्याच युक्त्या कोणी आपल्या पेढीवर येऊन वापरू लागला तर त्या कशा ओळखाव्यात, याचा विचार येथे करावयाचा आहे. बँकेच्या हिशेबवह्यांत आयुष्य गेलेल्या माणसाने जादूवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु या कलेचा पाया हिशेबाचाच आहे.

पाच वजने, एकतीस तारखा

सर्वांत सोप्या प्रयोगापासून आरंभ करू. प्रेक्षकांतील एकाला महिन्यातील कोणतीही तारीख मनात धरण्यास सांगावे. मग त्याला पुठ्ठ्याचे पाच तक्ते एकेक करून दाखवावेत. प्रत्येक तक्त्यावर सोळा संख्या लिहिलेल्या असतात. आपली तारीख त्या तक्त्यावर ‘आहे’ की ‘नाही’, एवढेच त्याने सांगावयाचे. पाचवा तक्ता खाली ठेवताच कलाकार तारीख जाहीर करतो.

यातील मर्म व्यापाऱ्याच्या घरात लगेच कळावे असे आहे. आपल्याजवळ १, २, ४, ८ आणि १६ किलोची अशी पाचच वजने आहेत, अशी कल्पना करा. या पाच वजनांनी १ ते ३१ किलोपर्यंतचा पूर्ण किलोतील कोणताही माल तोलता येतो. १९ किलोसाठी १६, २ आणि १ ही वजने पारड्यात टाकावी लागतात. २२ किलोसाठी १६, ४ आणि २. विशेष म्हणजे प्रत्येक मापासाठी वजनांची एकच जुळणी शक्य असते, दुसरी नाही.

आता एकेक तक्ता म्हणजे एकेक वजन समजावे. जी संख्या तोलताना ते वजन लागते, ती संख्या त्या तक्त्यावर लिहावी. पहिल्या तक्त्यावर १ पासून ३१ पर्यंतच्या सर्व विषम संख्या येतात. दुसऱ्यावर २, ३, ६, ७, १०, ११, १४, १५, १८, १९, २२, २३, २६, २७, ३० आणि ३१. तिसऱ्यावर ४ ते ७, १२ ते १५, २० ते २३ आणि २८ ते ३१. चौथ्यावर ८ ते १५ आणि २४ ते ३१. पाचव्यावर १६ ते ३१. समोरच्या व्यक्तीने ‘आहे’ म्हटलेल्या तक्त्यांवरील केवळ पहिल्या संख्यांची मनात बेरीज करावी. दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या तक्त्यावर ‘आहे’ असे उत्तर आले, तर २ अधिक ४ अधिक १६, म्हणजे २२ तारीख. उत्तर चुकण्याचा संभवच नाही. मात्र समोरच्याने तक्ता नीट पाहिलेला असावा.

येथे बँकेतील माणूस म्हणून एक सूचना करतो. या खेळात जन्मतारीख किंवा लग्नाची तारीख विचारू नये. पुष्कळ मंडळी एटीएमचा गुप्त क्रमांक त्याच तारखांवरून ठरवतात आणि भरसभेत त्या उघड करणे इष्ट नाही. ‘मनात येईल ती कोणतीही तारीख’ एवढेच म्हणावे.

नवाची किमया

दुसरा प्रयोग थोडा अधिक परिणामकारक आहे. कार्यक्रमाच्या आरंभीच एक बंद लिफाफा सभेतील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीच्या स्वाधीन करावा. मग प्रेक्षकांतील कोणालाही तीन अंकी संख्या लिहिण्यास सांगावे. तिच्या पहिल्या व शेवटच्या अंकांत निदान दोनचा फरक असावा. ती संख्या उलटी लिहून मोठीतून लहान वजा करावी. आलेले उत्तर पुन्हा उलटे लिहून त्यातच मिळवावे. ८५१ घेतले तर ८५१ वजा १५८ म्हणजे ६९३. त्यात ३९६ मिळवले की १०८९. ७३२ घेतले तर ७३२ वजा २३७ म्हणजे ४९५. त्यात ५९४ मिळवले की पुन्हा १०८९. ज्येष्ठांनी लिफाफा उघडला की आतील कागदावर हीच संख्या दिसते.

असे का होते? वजाबाकीचे उत्तर नेहमी ९९ च्या पटीत येते: १९८, २९७, ३९६ येथपासून ८९१ पर्यंत. या प्रत्येक संख्येत मधला अंक ९ असतो आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही ९ होते. तिच्यात तिचीच उलटी संख्या मिळवली की ९००, १८० आणि ९ यांची बेरीज, म्हणजे १०८९ शिवाय दुसरे काही येऊच शकत नाही.

हा नऊ आपल्या वह्यांतला जुना ओळखीचा आहे. ५४० च्या जागी ४५० लिहिले गेले तर फरक ९० चा पडतो. ७,२८० च्या जागी ७,८२० लिहिले तर ५४० चा. दोन्ही फरकांना नवाने पूर्ण भाग जातो. म्हणूनच तेरीज जुळत नसेल आणि फरकाला नवाने भाग जात असेल, तर रोजकीर्दीतून खतावणी करताना कोठे तरी अंकांची अदलाबदल झाली असावी, हा पहिला संशय घ्यावा, असे जुने मुनीम नवशिक्यांना सांगत. त्यांनी चूक शोधण्यासाठी वापरलेला नियमच जादूगार टाळ्या मिळवण्यासाठी वापरतो.

हाच प्रयोग पुस्तकावरही करता येतो. उत्तराचे पहिले तीन अंक म्हणजे पान १०८ आणि शेवटचा अंक म्हणजे त्या पानावरील नववा शब्द. तो शब्द कलाकाराने आधीच पाहून ठेवलेला असतो. मात्र एकाच सभेत हा प्रयोग दोनदा करू नये. दुसऱ्यांदाही १०८९ आले की सारे गुपित उघडे पडते.

मंचावर आलेला पाहुणा

गणित कोणालाही पाठ करता येते. प्रयोगाचा दर्जा ठरतो तो मंचावर बोलावलेल्या व्यक्तीला आपण कसे वागवतो यावर. ती व्यक्ती त्या पाच मिनिटांपुरती आपली पाहुणी असते. पाहुण्याला ओढून आणू नये, आदराने बोलवावे. जो नजर टाळतो त्याला सोडून द्यावे. घरात नुकत्याच आलेल्या सुनेला किंवा होणाऱ्या जावयाला पुढे ओढून चिडवणारे प्रश्न विचारण्याची काहींना हौस असते. तिने सभा हसते, परंतु ज्याच्या जिवावर हसते तो ते विसरत नाही. काका, मावशी, वहिनी असे नाते जोडून बोलावे आणि मनातले गुपित विचारण्याऐवजी संख्या, फूल, रंग अशाच गोष्टी विचाराव्यात.

आकडेमोडीत चूक होण्याची शक्यता नेहमीच असते. शेकडो डोळे आपल्याकडे लागले असता हातच्याची वजाबाकी भल्याभल्यांना चुकते. म्हणून शेजारच्या दोघांना मिळून ती करू द्यावी किंवा गणकयंत्र द्यावे. तरीही उत्तर चुकले तर ‘‘तुम्हीच चुकलात’’ असे म्हणू नये. ‘‘मी नीट सांगितले नसावे, आपण पुन्हा करून पाहू,’’ एवढे वाक्य पुरते. शेवटच्या टाळ्या त्या पाहुण्यालाही मिळाव्यात आणि त्याला जागेवर पोहोचेपर्यंत मान मिळावा.

पॅरिसचा मुलगा आणि बर्लिनचा घोडा

या कलेचा इतिहासही बोधप्रद आहे. घड्याळजीचा व्यवसाय शिकलेले फ्रेंच जादूगार रॉबेर-हुदँ यांनी १८४६ मध्ये पॅरिस येथे आपल्या मुलाला डोळे बांधून मंचावर बसवले. वडील प्रेक्षकांत फिरत, त्यांच्या हातातील वस्तू उचलत आणि मुलगा ती वस्तू कोणती ते अचूक सांगे. वडिलांच्या प्रश्नांच्या शब्दरचनेतच उत्तराची खूण दडलेली असे. बापलेकांनी चिकाटीने केलेला अभ्यास हेच त्यातील रहस्य होते.

दुसरे उदाहरण बर्लिनमधील ‘हान्स’ नावाच्या घोड्याचे. त्याचे मालक फॉन ऑस्टेन हे निवृत्त शिक्षक होते. बेरीज-वजाबाकी विचारली की घोडा तितक्या वेळा खूर आपटून उत्तर देई. १९०४ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने तपासणी केली, तेव्हा मुद्दाम केलेली फसवणूक आढळली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने बारकाईने प्रयोग केले आणि १९०७ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा घोड्याला तो माणूस दिसत नसेल, तर घोड्याचे उत्तर चुके. योग्य आकडा येताच विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हले आणि घोडा तेवढे पाहून थांबे.

आपण समजतो त्यापेक्षा आपला चेहरा आणि शरीर कितीतरी अधिक बोलत असते. काउंटरमागे उभ्या असलेल्या अनुभवी व्यापाऱ्याला हे सांगावयास नको. भाव ऐकताच गिऱ्हाइकाची नजर कोठे वळली, कापडावरचा हात क्षणभर रेंगाळला का, यावरून तो सौदा ओळखतो. मनकवडेपणाचा बराचसा भाग असा रोजच्या निरीक्षणातला असतो.

पेढीवर येणारा मनकवडा

आता याची दुसरी बाजू पाहू. दुपारच्या निवांत वेळी एखादा अनोळखी, गोड बोलणारा माणूस दुकानात येतो. तो चिठ्ठीवर काही लिहितो, घडी घालून आपल्या मुठीत देतो. मग एक ते दहांतील एखादा अंक आणि आवडते फूल विचारतो. आपण ‘सात’ आणि ‘गुलाब’ म्हणतो. चिठ्ठी उघडली की तेच शब्द दिसतात. आपण थक्क होतो आणि येथूनच ग्रहपीडा, संकटे व त्यावरील खर्चिक उपाय यांचे बोलणे सुरू होते.

यात दोन युक्त्या असतात. एक ते दहांमध्ये पुष्कळ लोक सातच निवडतात, आणि फूल म्हटले की गुलाब अनेकांच्या मनात प्रथम येतो. दुसरी युक्ती चिठ्ठी बदलण्याची. फुंकर मारण्यासाठी किंवा कपाळाला लावण्यासाठी तो ती क्षणभर परत घेतो. त्याच वेळी आपले उत्तर ऐकून लिहिलेली दुसरी चिठ्ठी हातात येते. उपाय सोपा आहे. पहिली चिठ्ठी मुठीतून सोडू नये आणि कोणतेही उत्तर देण्यापूर्वी ती आपणच उघडावी.

दूरध्वनीवरची फसवणूकही याच जातीची असते. पलीकडचा माणूस आपले नाव, शाखा, खाते क्रमांकाचे काही अंक बिनचूक सांगतो. एवढे ठाऊक आहे म्हणजे हा बँकेचाच माणूस असणार, असे आपले मन मानते आणि आपण उरलेली गोष्ट, म्हणजे ओटीपी, स्वतःहून सांगतो. त्याने आपले मन वाचलेले नसते. आधी मिळवलेली माहिती आपल्यालाच ऐकवून त्याने विश्वास विकत घेतलेला असतो. ओटीपी कोणालाही सांगू नये, समोरच्याला आपल्याविषयी कितीही ठाऊक असले तरी.

तथाकथित चमत्कार करून पैसे मिळवणे आणि लोकांना फसवणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. करमणुकीची जादू आणि ही लबाडी यांत युक्तीचा फरक नसतो. फरक असतो तो दाव्याचा. आपल्या शास्त्रांत ज्ञानाच्या पाच प्रकारांत मनःपर्यय हे चौथे सांगितले आहे आणि ते संयमी मुनींच्या साधनेशी जोडलेले आहे. पुठ्ठ्याच्या तक्त्यांशी त्याचा संबंध नाही, याची जाणीव घरातील लहान कलाकारालाही असावी.

म्हणून प्रयोगापूर्वी मुलाने एक वाक्य स्पष्टपणे म्हणावे: ‘‘माझ्याजवळ कोणतीही शक्ती नाही, ही करमणूक आहे.’’ एवढ्याने रंगत कमी होत नाही. उलट ‘मग हे जमते कसे?’ ही उत्सुकता वाढते. युक्ती सांगितलीच पाहिजे असे नाही. ती जपणे हा कलाकाराचा हक्क आहे; खोटा दावा करणे हा नव्हे.

येत्या सुट्टीत जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे पाच तुकडे कापून मुलांबरोबर हे तक्ते तयार करावेत. संख्या त्यांनाच लिहू द्याव्यात आणि कोणती संख्या कोणत्या तक्त्यावर जाते ते वजनांच्या हिशेबाने त्यांनाच शोधू द्यावे. पहिला प्रयोग आजी-आजोबांपुढे करून पाहावा. पुढे मोठेपणी त्यांच्या दुकानात एखादा गोड बोलणारा मनकवडा आला, तर त्याची चिठ्ठी उघडण्याआधीच ती मुले ओळखतील की, यात कोठे तरी हिशेब आहे.