डोळ्यांत तेल घालणारा शब्द

बुद्धिबळाच्या पटावर तिरकं कोण चालतं? उंट! हे तर तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल. पण इंग्रजी पुस्तकावरून बुद्धिबळ शिकायला बसलात, की हाच उंट एकदम ‘बिशप’ होतो!

बिशप म्हणजे ख्रिस्ती धर्मातले वरिष्ठ धर्मगुरू. कॅथलिक आणि इतर काही पंथांत एका मोठ्या भागातल्या सगळ्या चर्चची जबाबदारी त्यांच्याकडे असते. त्या भागाला मराठीत ‘धर्मप्रांत’ म्हणतात. आपल्या वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ मध्ये झाला आणि थॉमस डाबरे तिथले पहिले बिशप झाले. रोमचे बिशप तर साऱ्या जगाला ठाऊक आहेत. त्यांनाच आपण पोप म्हणतो.

आता हे धर्मगुरू उंटाच्या जागी कसे जाऊन बसले, ते थोड्या वेळाने पाहू. आधी हा शब्द आला कुठून, ते शोधू या.

वरून पाहणारा

मूळ शब्द आहे ग्रीक भाषेतला : ‘एपिस्कोपोस’. त्याचे दोन तुकडे करा. ‘एपि’ म्हणजे वर आणि ‘स्कोपोस’ म्हणजे पाहणारा. वरून लक्ष ठेवणारा, देखरेख करणारा तो एपिस्कोपोस. यातला ‘स्कोप’ ओळखीचा वाटतो ना? टेलिस्कोप, मायक्रोस्कोप, पेरिस्कोप ही सगळी त्याचीच भावंडं! टेलिस्कोप म्हणजे दूरचं पाहणारा. आणि आपली ‘दुर्बीण’? तो शब्द फारसीतून आलाय. ‘दूर’ म्हणजे लांब आणि ‘बीन’ म्हणजे पाहणारा. दोन निरनिराळ्या भाषा, पण शब्द बनवायची युक्ती एकच.

गंमत म्हणजे एपिस्कोपोस हा शब्द ख्रिस्ती धर्माच्या कितीतरी आधीचा आहे. होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्यात ट्रॉयचा वीर हेक्टर लढाईत मारला जातो. तेव्हा शोक करताना त्याची पत्नी त्याला नगराचा एपिस्कोपोस म्हणते, म्हणजे बायकामुलांचा राखणदार. पुढे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात अथेन्सचं राज्य पसरलं. आपल्या ताब्यातल्या शहरांवर नजर ठेवायला अथेन्स जे अधिकारी पाठवी, त्यांनाही एपिस्कोपोस हेच नाव होतं. शब्द एक, पण एकाच्या नजरेत माया आणि दुसऱ्याच्या नजरेत धाक!

सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी आपल्या मंडळीची देखरेख करणाऱ्यांसाठी हाच रोजच्या वापरातला शब्द उचलला. पुढे एका शहराचा एक बिशप अशी पद्धत रुळली. बिशपांच्या हातात वरच्या टोकाला वळलेली एक काठी असते, ती तुम्ही फोटोत पाहिली असेल. ती मेंढपाळाची काठी! मेंढपाळ कळपावर नजर ठेवतो, ती एकही मेंढरू हरवू नये म्हणून. म्हणजे बिशपांनी हेक्टरसारखं पाहावं, अथेन्सच्या अधिकाऱ्यासारखं नव्हे, अशी त्यामागची अपेक्षा.

‘ए’ गळाला कसा?

ग्रीक एपिस्कोपोसचा लॅटिनमध्ये ‘एपिस्कोपुस’ झाला. लोकांच्या तोंडी मात्र एवढा लांबलचक शब्द टिकतो थोडाच? पुढचा ‘ए’ गळाला. ‘प’चा ‘ब’ झाला. (‘प’ आणि ‘ब’ म्हणून पाहा. दोन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात की नाही?) शेपूटही झिजली. जुन्या इंग्रजीत झाला ‘बिशोप’ आणि मग ‘बिशप’. जर्मन लोक ‘बिशोफ’ म्हणतात, पोर्तुगीज ‘बिश्पु’. गोव्यात पोर्तुगीजांच्या शब्दावरून कोकणीत ‘बिस्प’ रुळला.

हसू नका हं! आपणही हेच करतो. संस्कृतातल्या ‘अरण्या’चा ‘अ’ गाळून मराठीने ‘रान’ केलंच की!

आपला एपिस्कोपोस

आता खरी मजा. बायबल मराठीत आणताना एपिस्कोपोससाठी शब्द योजला ‘अध्यक्ष’. का बरं? या शब्दाची फोड करा : ‘अधि’ म्हणजे वर आणि ‘अक्ष’ म्हणजे डोळा. ज्याचा डोळा सगळ्यांवर आहे, तो अध्यक्ष! ग्रीक शब्दाचा जणू जुळा भाऊच. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त असे कितीतरी अध्यक्ष भेटतात. शेतीवर देखरेख करणारा सीताध्यक्ष, जकातीवर शुल्काध्यक्ष, सूतकताईवर सूत्राध्यक्ष. तेव्हा अध्यक्ष म्हणजे हार घालून घेणारा पाहुणा नव्हता. त्याला कामावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागे.

पटावरचा बिशप

आता येऊ उंटाकडे. हा खेळ मूळचा भारतातला. ज्या सोंगटीला आपण आज उंट म्हणतो, ती जुन्या खेळात हत्ती होती. अरबीत हत्तीला ‘अल्-फील’ म्हणतात, म्हणून स्पॅनिश लोक आजही या सोंगटीला ‘अल्फिल’ म्हणतात. रशियन लोकांचा तर अजून हत्तीच आहे. अरबांच्या साध्या, कोरीवकाम नसलेल्या सोंगट्यांवर सुळ्यांसारखे दोन उंचवटे असत. युरोपात ते पाहून लोकांना बिशपांची दुभंगलेली उंच टोपी आठवली असावी, असा एक अंदाज आहे. स्कॉटलंडच्या लुइस बेटावर १८३१ मध्ये बाराव्या शतकातल्या सोंगट्या सापडल्या. त्यांत टोपी घातलेले, हातात काठी धरलेले बिशप आहेत. फ्रेंचांनी मात्र कमाल केली. त्यांच्या पटावर तिथे विदूषक उभा असतो!

आपल्या भाषेतही ‘लक्ष ठेवणं’ याचे दोन अर्थ होतात. पोलीस चोरावर लक्ष ठेवतो आणि आजी पाळण्यातल्या बाळावर लक्ष ठेवते. तुमच्यापैकी कुणी वर्गाचे मॉनिटर असतील, कुणी कबड्डीच्या संघाचे कप्तान, कुणी घरातली ताई किंवा दादा. म्हणजे तुम्हीही छोटे एपिस्कोपोसच! मग फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिताना जरा मागच्या बाकाकडेही पाहा. तिथे कुणी डबा न आणता गप्प बसलेलं नाही ना? तेही दिसायला हवं. वरून पाहणाऱ्याचं ते पहिलं काम.