जुना संगणक भंगारात काढण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट थांबवले. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही, पण सुरक्षेतल्या नव्या त्रुटी दुरुस्त होणं थांबलं. ज्या घरात बँकेचे व्यवहार संगणकावर होतात, तिथे ही बाब किरकोळ नाही. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट पण जुना संगणक दुकानात नेला की ‘आता नवाच घ्या’ असा सल्ला मिळतो. तो लगेच मानू नये, असं मला मनापासून वाटतं. काही संगणकांत टीपीएम असतं, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं. एवढं तरी आधी तपासून घ्यावं.

मग घरातल्या प्रत्येकाला विचारावं, की संगणकावर तू नेमकं काय करतोस? ईमेल, यूट्यूब, वीजबिल, रेल्वेचं तिकीट, मुलांचे ऑनलाइन अर्ज अशी उत्तरं आली, तर सगळी कामं ब्राउझरमधली आहेत. अशा घराला मी विंडोजऐवजी बिनदिक्कत लिनक्स मिंट सुचवेन. ते मोफत आहे, चार जीबी रॅमवर नीट चालतं, आणि डाव्या कोपऱ्यातला मेनू पाहिला की विंडोजची सवय असलेला माणूस बिचकत नाही. त्याच्या २२व्या आवृत्तीला २०२९पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. वर्डच्या फाइल लिबरऑफिसमध्ये उघडतात. किचकट तक्ते मात्र कधीकधी विस्कटतात.

पण यादीत टॅली असेल, किंवा कर भरण्यासाठी डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन लागत असेल, तर विंडोजच ठेवा. विंडोज १०साठी घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेण्याची सोय आहे. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन त्यासाठी नोंदणी करावी लागते.

मराठी घरांत आणखी एक प्रश्न निघतो, आणि तो दुकानदार सहसा विचारत नाही. आजोबांचे लेख, सोसायटीची इतिवृत्तं, लग्नाच्या पत्रिका श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या असतात. या जुन्या फाँटमध्ये आतली साठवण इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर असते. फाँट तेवढा त्यांना देवनागरी रूप देतो. तो फाँट नसलेल्या संगणकावर त्याच फाइलमध्ये निरर्थक चिन्हांची रांग दिसते. म्हणून सिस्टिम बदलण्याआधी असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, आणि नंतर तो वाचून तपासावा, कारण रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात. एकदा युनिकोड झालं की फाइल विंडोज, लिनक्स, मॅक, मोबाइल, कुठेही वाचता येते. टायपिंगचंही तसंच आहे. इनस्क्रिप्ट शिकलेल्याला या सगळ्या सिस्टिमवर जवळपास तोच कळफलक मिळतो.

निर्णय घेण्याआधी मिंट चालवून बघता येतं. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर ते उतरवून त्यावरूनच संगणक सुरू करायचा. इन्स्टॉलचं बटण दाबेपर्यंत हार्डडिस्कवरचं काही बदलत नाही. तेवढ्यात वायफाय, आवाज, कॅमेरा आणि मुख्य म्हणजे प्रिंटर तपासा. काही स्वस्त लेझर प्रिंटर लिनक्सवर चालता चालत नाहीत. पसंत पडलं, तरी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

राहिला प्रश्न अडल्यावर मदतीचा. आईवडील गावी आणि मुलगी पुण्यात, अशा घरात फोनवरून सांगणाऱ्या मुलीला जी सिस्टिम येते, तीच आईवडिलांसाठी योग्य. तिला फक्त विंडोज येत असेल, तर मिंटचा आग्रह मी धरणार नाही. आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि आठ जीबी रॅम असलेला, वॉरंटीसह मिळणारा रिफर्बिश्ड संगणक बघा म्हणेन. त्यावर विंडोज ११ रीतसर चालतं.