सोनेरी बाहुली आणि ‘आपण सारे’

चित्रपटाचे पोस्टर वेगळे आणि चित्रपट-पुरस्कार सोहळ्याचे पोस्टर वेगळे. पहिल्यावर माणसे असतात, आणि ज्याचे नाव मोठे त्याचा चेहरा मोठा. दुसऱ्यावर बहुधा माणूस नसतो. कधी निवेदकाचे छायाचित्र येते, एवढेच. कारण उघड आहे. पोस्टर सोहळ्याआधी लागते, तेव्हा विजेता ठरलेला नसतो. कोणा एकाचा चेहरा छापणे म्हणजे निकाल आधी फोडणे. म्हणून माणसाच्या जागी सन्मानचिन्ह येते. या जागेच्या अदलाबदलीत काय घडते, ते हॉलिवूडच्या ऑस्करच्या आधारे मला मांडायचे आहे.

ऑस्करची बाहुली १९२९ साली प्रथम दिली गेली. रेखाटन सेड्रिक गिबन्स या कलादिग्दर्शकाचे, शिल्प जॉर्ज स्टॅन्लीचे. तलवार धरलेला एक योद्धा फिल्मच्या रिळावर उभा आहे. रिळाचे पाच आरे म्हणजे अकादमीच्या मूळ पाच शाखा : नट, दिग्दर्शक, निर्माते, लेखक आणि तंत्रज्ञ. उंची साडेतेरा इंच. पोस्टरकाराच्या दृष्टीने ही आकृती फार सोयीची आहे. हात अंगाशी घेतलेले, त्यामुळे बाह्यरेषा सलग. नुसती सावली काढली तरी ओळख पटते. तिकिटाएवढी छापा की इमारतीएवढी. शिवाय नाकडोळे नाममात्र. ती कोणाचीच प्रतिमा नाही, म्हणून ती कोणाचीही होऊ शकते असा भास निर्माण होतो. पोस्टर न बोलता सांगते, ही जागा सर्वांना मोकळी आहे.

आता चित्राकडून सभागृहाकडे वळू. २९ फेब्रुवारी १९४० रोजी हॅटी मॅकडॅनियल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला ‘गॉन विथ द विंड’मधील मोलकरणीच्या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. सोहळा लॉस एंजेलिसच्या अँबॅसडर हॉटेलात होता, आणि त्या हॉटेलात काळ्यांना प्रवेश नव्हता. खास परवानगी काढून तिला आत घेतले, पण तिचे टेबल सहकलाकारांपासून दूर, भिंतीकडेला मांडले. त्या काळी सहायक कलावंतांना बाहुली नव्हे, एक पट्टिका देत. नियम गोऱ्या-काळ्या सर्वांना सारखाच होता. पण काळ्या नटीच्या वाट्याला मोलकरणीपलीकडची भूमिका येतच नसेल, तर त्या सारख्या नियमाने बाहुलीपासून कोण दूर राहणार? नियम समान आणि वाटा विषम, हा प्रकार आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

हॅटीने ती पट्टिका हॉवर्ड विद्यापीठाच्या नावे ठेवली होती. ती तेथून नाहीशी झाली. अकादमीने तिची प्रतिकृती २०२३ साली विद्यापीठाला दिली.

पोस्टरवर शब्द आले की भास अधिक पक्का होतो. २०१६ च्या सोहळ्याच्या प्रचाराचे बोधवाक्य होते, आपण सारे सोनेरी स्वप्ने पाहतो. त्या वर्षी अभिनयाची वीसही नामांकने गोऱ्यांना गेली, आणि तीही सलग दुसऱ्या वर्षी. ‘आपण सारे’ या दोन शब्दांत नेमके कोण मोडते, हा प्रश्न मग जगभर विचारला गेला. त्याच वर्षी भारताने अधिकृतपणे पाठवलेला चित्रपट होता चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. त्यातला आरोपी नारायण कांबळे हा दलित शाहीर, आणि ती भूमिका नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केलेली. चित्रपटाला नामांकन मिळाले नाही. त्याचे कारण वर्णभेद होते असे मी म्हणत नाही. पण ज्या देशातील काळ्यांच्या लढ्यावरून १९७२ साली आपल्या पँथरने नाव घेतले, त्या देशातील ‘आपण सारे’ आपल्याला परके वाटू नये.

चळवळीचा रेटा वाढला तेव्हा अकादमीने सभासदत्वाचे धोरण बदलले. २०२१ च्या पोस्टरांसाठी निरनिराळ्या देशांतील व वंशांतील सात कलावंतांना बोलावले गेले आणि बाहुलीला सात रूपे मिळाली. म्हणजे आधी भांडण झाले, मग चित्र बदलले. क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मुंबईचे उदाहरण घेऊ. फिल्मफेअरची बाहुली शिल्पकार ना. ग. पानसरे यांनी घडवली. १९५४ च्या पहिल्या सोहळ्यात ती भूमी गमावलेल्या शेतकऱ्याच्या ‘दो बिघा जमीन’ला मिळाली. ती ‘ब्लॅक लेडी’ म्हणून ओळखली जाते. काळी स्त्री चिन्ह म्हणून चालते. नायिका म्हणून मात्र हिंदी पडद्याला बहुधा गोरीच लागते.

शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी असे पोस्टर वाचताना तीन गोष्टी विचाराव्यात. माणसाच्या जागी काय ठेवले आहे? ‘सर्व’ हा शब्द कोणी उच्चारला? आणि ज्या दाराचे हे चित्र आहे, त्या दारावर कोण उभा आहे? आपल्या संमेलनांची पोस्टरे काढतानाही हेच प्रश्न स्वतःला विचारावेत.