डायलिसिसच्या हातातून रक्त का काढत नाहीत? तपासणीसाठी कोणता हात द्यायचा, हे कसं ठरतं?

लॅबचा माणूस घरी येतो, दंडाला पट्टा बांधतो आणि शीर शोधू लागतो. निरोगी माणसाचा कोणताही हात चालतो. कोपराच्या खळगीतली शीर जाड असते, सहसा सरकत नाही, म्हणून पहिली पसंती तिला. पण काही पेशंटच्या बाबतीत हात चुकला तर ते महागात पडू शकतं.

फिस्टुला म्हणजे काय?

डायलिसिससाठी ऑपरेशन करून हातातली धमनी शिरेला जोडतात. धमनीतल्या जोरदार प्रवाहामुळे ती शीर रुंद आणि मजबूत होते. याला काही आठवडे ते महिने लागतात. मग आठवड्यातून दोन-तीनदा याच शिरेतून रक्त मशीनमध्ये जातं आणि शुद्ध होऊन परत येतं.

या हाताला पट्टा आवळला, बीपी मोजलं किंवा तपासणीसाठी सुई टोचली, तर गुठळी होण्याची, रक्तस्रावाची किंवा इन्फेक्शनची भीती असते. फिस्टुला बंद पडला तर पुन्हा ऑपरेशनची वेळ येऊ शकते आणि तोवर डायलिसिससाठी मानेत नळी घालावी लागू शकते.

म्हणून रक्त दुसऱ्या हातातून काढतात, शक्यतो पंजाच्या मागच्या शिरेतून. डायलिसिसच्या दिवशीच तपासणी असेल, तर मशीन लावतानाच सॅम्पल घेता येतं. किडनीचा आजार वाढलाय पण डायलिसिस सुरू झालेलं नाही, अशांनीही हाताच्या शिरा जपायला हव्यात. पुढे फिस्टुला तिथेच होणार असतो.

आणखी कोणी काळजी घ्यायची?

- स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन: काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येऊ शकते. सुईमुळे हा धोका किती वाढतो यावर मतभेद आहेत, तरी शक्यतो दुसरा हात वापरतात. दोन्ही बाजूंचं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना विचारावं.
- सलाईन सुरू असेल तर: त्याच हातातून घेतलेल्या सॅम्पलमध्ये सलाईन मिसळू शकतं. ग्लुकोज चालू असेल तर शुगर खोटी वाढलेली दिसते आणि उपचार चुकू शकतात.
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या: रक्त थांबायला वेळ लागतो. हात सरळ ठेवून कापूस किमान पाच मिनिटं दाबून धरावा.
- डायबेटिस: पायातून रक्त काढायचं असेल तर आधी डॉक्टरांची परवानगी हवी. जखम चिघळू शकते.

लॅबच्या माणसाकडे पेशंटची फाईल असेलच असं नाही. त्यामुळे पट्टा बांधण्याआधीच सांगा, ‘हा हात नको.’ पेशंट बोलू शकत नसेल, तर घरच्यांनी सांगावं.