भिस्त आठवणीवर नको, वहीवर ठेवा



रेडिओवर ऐकलेला सल्ला पेरणीपर्यंत ध्यानात राहतोच असं नाही. ऐकतानाच वहीत टिपून घ्या. वाण, पेरणीची तारीख, पाऊस, खत, फवारणी त्याच दिवशी लिहा.

खरीप ज्वारी उशिरा पेरली की खोडमाशी जास्त लागते. पण पोंगे मेलेले दिसतात ३-४ आठवड्यांनी. तेव्हा पेरणीची नेमकी तारीख कुणाला आठवते? प्रत्येक तुकड्याची तारीख आणि १०० रोपांत किती पोंगे मेले, हे वहीत असू द्या. मग पुढच्या साली लवकर पेरून किती पीक वाचेल, ते तुमचं शेतच सांगेल.

‘पीक बरं आलं’ असं मोघम नको. पोती मोजून लिहा. चुकलेलंही लिहा. अन् मृगाआधी वही एकदा वाचाच!