डोळ्यातील रक्तस्राव : पहिले पाच दिवस निर्णायक

विटीदांडूची विटी, गोफणीचा खडा किंवा लाकूड फोडताना उडालेली ढलपी डोळ्यावर बसली, की डोळा लाल होतो. पांढऱ्या भागावर पसरलेला लाल डाग बहुधा निरुपद्रवी असतो व दोन-तीन आठवड्यांत विरून जातो. परंतु दर्शनी पारदर्शक पटल आणि बुबुळ यांच्यामधील पोकळीत रक्त उतरले, तर दृष्टीच धोक्यात येते. रुग्ण बसलेला असताना हे रक्त तळाशी साचून बुबुळासमोर लाल थर दिसतो. दृष्टी अंधुक होते, डोळा ठणकतो, प्रकाश सहन होत नाही.

या पोकळीत जेमतेम पाव मिलिलिटर द्रव मावतो. तो ज्या सूक्ष्म जाळीतून बाहेर जातो, ती रक्तपेशींनी तुंबली म्हणजे डोळ्यातील दाब वाढतो. वाढलेला दाब टिकून राहिल्यास दृष्टिचेतेची कायमची हानी होते.

जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी साधारणतः दुसऱ्या ते पाचव्या दिवसात आक्रसते व सैल होते. याच काळात पुन्हा रक्तस्राव होण्याची भीती असते आणि तो पुष्कळदा पहिल्याहून मोठा असतो. नेमके याच दिवसांत बरे वाटू लागते. मूल खेळावयास धावते, मजूर कामावर जातो. हा दुसरा रक्तस्राव टाळणे हेच उपचाराचे मुख्य सूत्र होय.

डोळा चोळू नये, दाबून पट्टी बांधू नये, मध वा एरंडेल घालू नये. डोळ्याला न टेकणारे कठीण आवरण लावून रुग्णास बसलेल्या स्थितीत त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. वेदनेसाठी ॲस्पिरिन देऊ नये. त्याने रक्तस्राव वाढू शकतो. तज्ज्ञ बाहुली विस्फारून बुबुळास विश्रांती देणारे व दाह कमी करणारे थेंब देतात आणि दाब वेळोवेळी मोजतात. डोके ३० ते ४५ अंश उंच ठेवून झोपणे, ओझे न उचलणे व न वाकणे आवश्यक असते. बहुतेकांचे रक्त काही दिवसांत शोषले जाते. दाब उतरलाच नाही, तर शस्त्रक्रियेने रक्त धुऊन काढावे लागते.

गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांत आणखी एक दक्षता हवी. सिकलसेलच्या रुग्णांच्याच नव्हे, तर वाहकांच्याही विळ्याच्या आकाराच्या ताठर पेशी जाळीत अडकतात. त्यांच्या दृष्टिचेतेला थोडा वाढलेला दाबही बाधतो, आणि दाब कमी करणारी काही नेहमीची औषधे त्यांना चालत नाहीत. म्हणून सिकलसेल तपासणीचे कार्ड सोबत न्यावे; तपासणी झाली नसल्यास तसे डॉक्टरांना सांगावे.

अशा डोळ्यात अनेक वर्षांनंतरही काचबिंदू उद्भवू शकतो. त्यामुळे दरवर्षी दाब तपासून घेणे श्रेयस्कर. शिक्षकांनी अशा विद्यार्थ्यास डॉक्टर सांगतील तोवर खेळ व कवायतीतून सूट द्यावी. पंचायत सदस्यांनी वाहनाची सोय तर करावीच, शिवाय हातावर पोट असलेल्या मजुराला हे मोजके दिवस घरी थांबता येईल, हेही पाहावे. त्याचा डोळा वाचणे पुष्कळदा एवढ्यावरच अवलंबून असते.