हॅलोवीनचा खाऊ : देखावा भुतांचा, काळजी मुलांची

दरवर्षी 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी अमेरिकेत मुले भुताखेतांची सोंगे घेऊन खाऊ मागत घरोघरी फिरतात. हॅलोवीनची ही परंपरा तेथे रुजली ती प्रामुख्याने 19व्या शतकात आयर्लंड व स्कॉटलंडमधून आलेल्या स्थलांतरितांमुळे. या सणाच्या घरगुती मेजवानीत आता ‘हॅलोवीन बोर्ड’ही मांडला जातो. मोठ्या लाकडी फळीवर गोड आणि खारे पदार्थ एकमेकांना खेटून, मध्ये रिकामी जागा न सोडता रचले जातात. या दाटीतच त्याची शोभा आहे आणि त्याचा धोकाही.

पदार्थ करण्यास सोपे आहेत. स्ट्रॉबेरी पांढऱ्या चॉकलेटमध्ये बुडवून गडद चॉकलेटच्या ठिपक्यांचे डोळे काढले की भूत तयार होते. मात्र फळ पूर्ण कोरडे असावे, कारण वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे थेंब गेले तरी ते घट्ट व रवाळ होते. सोललेल्या संत्र्यावर सेलरीचा लहान तुकडा खोचला की भोपळा होतो. चीजच्या पट्टीला खालून बारीक चिरा देऊन वर प्रेट्झेलची खारी काडी खोवली की चेटकिणीचा झाडू होतो. सफरचंदाच्या फोडी जबड्यासारख्या मांडायच्या असतील, तर त्यांना लिंबाचा रस लावावा. त्यातील आम्लामुळे त्या लवकर काळ्या पडत नाहीत.

पहिली दक्षता वेळेची. चीज, कापलेली फळे, दही किंवा क्रीमची चटणी हे नाशवंत पदार्थ सामान्य तापमानात दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नयेत, असे अमेरिकेच्या कृषी विभागाचे मार्गदर्शन आहे. तापमान 32 अंश सेल्सिअसच्या वर असल्यास ही मर्यादा एक तासाची आहे. 4 ते 60 अंशांच्या दरम्यान जिवाणू वेगाने वाढतात, हे त्यामागील कारण. 2014च्या अखेरीस अमेरिकेत कॅरमेलचा थर दिलेल्या सफरचंदांतून लिस्टेरियाचा संसर्ग पसरला आणि 12 राज्यांतील 35 जण बाधित झाले. काडी खोचल्यावर फळाचा रस कॅरमेलखाली झिरपतो व तेथे जिवाणूंना वाढण्यास अनुकूल जागा मिळते, असे नंतरच्या संशोधनात आढळले. म्हणून अशी सफरचंदे शीतकपाटात ठेवावीत.

दुसरी दक्षता वयाची. ‘डोळे’ म्हणून मांडलेली अख्खी द्राक्षे, कडक गोळ्या, शेंगदाणे व पॉपकॉर्न चार वर्षांखालील मुलांच्या घशात अडकू शकतात. त्यांच्यासाठी द्राक्षे उभी चिरून चार भाग करावेत आणि बाकीचे पदार्थ त्यांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवावेत.

तिसरी दक्षता अ‍ॅलर्जीची, आणि बोर्डवर ती सर्वांत अवघड. दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, बदाम-अक्रोडासारखा सुकामेवा, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि तीळ हे नऊ घटक अमेरिकेत प्रमुख अ‍ॅलर्जीकारक मानले जातात. त्यांत तिळाचा समावेश असलेली तरतूद 1 जानेवारी 2023 पासून लागू झाली. शेंगदाण्याचा चुरा शेजारच्या बिस्किटाला लागला, तर ते बिस्किटही अ‍ॅलर्जी असलेल्या मुलासाठी असुरक्षित ठरते. अशा मुलांना सणात सहभागी होता यावे, यासाठी ‘फूड अ‍ॅलर्जी रिसर्च अँड एज्युकेशन’ या संस्थेने 2014 मध्ये हिरवट निळ्या भोपळ्याची मोहीम देशभर नेली. दारात असा भोपळा असेल, तर त्या घरी खाऊऐवजी लहान खेळणी वा खडू मिळतात, हे मुलांना कळते.

म्हणून आधी पाहुण्यांच्या घरी अ‍ॅलर्जीविषयी विचारावे. त्या मुलाचा खाऊ प्रथम, स्वच्छ हातांनी, वेगळ्या ताटात काढून झाकून ठेवावा व त्याला स्वतंत्र चमचे द्यावेत. वेष्टनांवरील घटकांची यादी पाहुण्यांना दाखवता यावी म्हणून वेष्टने जपून ठेवावीत. त्यानंतर मोठी फळी रचावी : आधी वाट्या, मग बिस्किटे व चॉकलेट, आणि नाशवंत पदार्थ मुले दारात आल्यावरच. त्या वेगळ्या ताटातही एखादे भूत, एखादा भोपळा असावा; सणाची गंमत त्या मुलालाही तितकीच हवी असते.